सुधे, हे उंदीर एकदा बघून सांग

सुधे,

रागावली असशीलच. रागाव, पण आधी हे वाच. तब्येत बरी, मान दुखते, पुढे.

आपली ती जुनी पेटी, अर्धी उजेडाची, अर्धी काळोखाची, पुन्हा माझ्या बोकांडी बसलीय. तेच ते: उंदीर आपणहून काळोखात जातो, तिथे शॉक बसतो, आणि दुसऱ्या दिवशी तो उजेडात किती वेळ थांबतो त्यावरून आठवण मोजायची. नवीन औषध तीन वेळांना देऊन पाहतेय: शिकवण्याआधी, काळोखात शॉक बसल्यावर लगेच, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी. पहिल्या दोन्ही गटांत फरक शून्य. म्हणजे शिकण्यावर परिणाम नाही, आठवण पक्की होण्यावरही नाही. परीक्षेआधी टोचलेले मात्र ३०० सेकंद संपेपर्यंत उजेडातच! सर खूश. "आठवायची ताकद वाढली, लिहायला घ्या."

अगं, पण ते उंदीर बघ ना! शॉक आठवणारा उंदीर दाराशी जातो, मान लांब करून आत हुंगतो, दचकून मागे येतो. हे कोपऱ्यात पोट टेकून बसलेत, मिशीसुद्धा हलत नाही. ही आठवण की गुंगी? शॉक न दिलेल्या उंदरांना हेच औषध देऊन पेटीत सोडू, म्हटलं. तेही काळोखात गेले नाहीत तर निकाल उघड आहे. ओपन फील्डमध्ये, म्हणजे मोकळ्या रिंगणात सोडून, हालचालही मोजू. सर म्हणतात, वेळ नाही. आकडे आहेत की! आकडे आहेतच, पण कशाचे?

आठवतं, स्कोपोलामाइनवरून, त्या मेंदूतल्या अॅसिटिलकोलीनचं काम रोखणाऱ्या औषधावरून, आपण किती भांडलो? शिकवण्याआधी ते दिलं की उंदीर दुसऱ्या दिवशी खुशाल काळोखात. तू म्हणायचीस विसरले, मी म्हणायचे पहिल्या दिवशी नुसते सैरावैरा पळत होते, शिकले कुठे? मग तू त्याचंच भावंड, मेथिल-स्कोपोलामाइन काढलंस: ते मेंदूत फारसं शिरत नाही आणि त्या उंदरांना सगळं आठवतं. सगळ्यांसमोर माझी बोलती बंद. पण बाई, पळापळसुद्धा मेंदूतूनच होते ना? मग मेंदूत न शिरणाऱ्या औषधाने ती तरी कशी होणार? हे मला जिना उतरताना सुचलं आणि तुला ऐकवायचं राहिलं ते राहिलंच. आता ऐक.

गंमत म्हणजे तेव्हा माझे उंदीर फार पळत होते, आता फार बसतात. घड्याळाला मात्र तेव्हा विसर दिसला, आता आठवण दिसते.

नवी नोकरी कशीय? छोटीला दात आले का? सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं ना? सविस्तर लिही.

व्हिडिओ पाठवतेय. औषध कुणाला, सलाइन कुणाला, हे सांगणार नाही. नुसतं बघून ओळख आणि सरांना कळायच्या आत मला कळव.

तुझीच,
मंजू