कुत्र्या-मांजरांच्या सीबीडी औषधाबाबत पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, पशुसंवर्धन विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी विकल्या जाणाऱ्या सीबीडी तेलाबाबत पशुवैद्यकांना लेखी मार्गदर्शन मिळावे व विद्यापीठात चाचण्या व्हाव्यात.

स. न. वि. वि.

यवतमाळ, वाशीम, अमरावती या कापूस-तुरीच्या पट्ट्यात कुत्रा हौसेपेक्षा राखणीसाठी पाळला जातो. रानडुकरे आणि रोह्यांपासून पीक वाचवायला रात्रीच्या जागलीला शेतकऱ्यासोबत तोच असतो, आणि वर्षानुवर्षे धुऱ्याधुऱ्याने धावून म्हातारपणी त्याचे मागचे पाय आखडतात. अशा कुत्र्यांसाठी गावातली तरुण मुले आता मोबाइलवरून सीबीडी तेल मागवू लागली आहेत. बाटली कुरिअरने घरपोच येते, पण ते तेल द्यावे की नाही, किती द्यावे आणि कधी मुळीच देऊ नये, हे सांगणारे कोणी नाही. आमच्या भागातल्या दवाखान्यात विचारले, तर याबाबत वरून काही सूचना नाहीत, एवढेच प्रामाणिक उत्तर मिळते.

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. ते भांगेच्या झाडातून निघते, पण नशा आणत नाही. नशा आणणारा घटक टीएचसी हा वेगळा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, मात्र शेंड्यांशिवायची पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या. याच आधारावर माणसांसाठी पानांचा अर्क 'विजया' या नावाने आयुर्वेदिक परवान्याखाली विकला जातो, आणि ही वनस्पती औषध नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत (अनुसूची ई-१) असल्याने अशा औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापावी लागते. माणसाला ही सावधगिरी मिळते, मग मुक्या जनावराला ती का मिळू नये, हा माझा साधा प्रश्न आहे. भांगेची झाडपत्ती गुराढोरांना देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही, तिची नोंद इंग्रज सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालातही आहे. परंतु जुनी रीत हा गुणाचा पुरावा होत नाही, त्यासाठी चाचण्याच पाहाव्या लागतात.

चाचण्या थोड्या आहेत, पण आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २०१८ मध्ये सांधेदुखीच्या कुत्र्यांना दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम सीबीडी दिवसातून दोनदा दिले. कुत्र्यांचे दुखणे कमी झाले आणि हालचाल सुधारली. मात्र यकृताशी संबंधित एक एन्झाइम रक्तात वाढलेले आढळले. कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात नेहमीच्या औषधांच्या जोडीला सीबीडी दिल्यावर मिरगीच्या कुत्र्यांचे झटके घटले, परंतु झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्या कुत्र्यांचे प्रमाण सीबीडी न दिलेल्या गटाइतकेच निघाले. सांधेदुखीत आशा ठेवायला जागा आहे, मिरगीत अजून हात राखून बोलावे लागेल, आणि मांजरांबाबत तर अभ्यास फारच अपुरा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये माणसांच्या दुर्मीळ मिरगीसाठी सीबीडीच्या एका औषधाला मान्यता दिली. जनावरांसाठीच्या एकाही सीबीडी औषधाला त्यांची मान्यता नाही.

आता बाटलीकडे पाहू. माझ्या पाहण्यात आलेल्या एका बाटलीवर ठळक अक्षरांत ५०० मिलिग्रॅम असे छापले होते, पण ते ५०० मिलिग्रॅम सीबीडी की एकूण अर्क, हे कुठेच लिहिलेले नव्हते. टीएचसीचे प्रमाण नव्हते, तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली तेही नव्हते, आणि मात्रेच्या जागी 'वजनानुसार काही थेंब' एवढाच मजकूर होता. ते सगळे सीबीडीच आहे असे धरले, तरी कॉर्नेलच्या मात्रेने १५ किलोच्या कुत्र्याला रोज ६० मिलिग्रॅम लागते, म्हणजे बाटली आठ दिवसांत संपते. शेतमजुरी करणारे घर ही बाटली थेंब-थेंब पुरवून महिनाभर चालवते, त्यातून कुत्र्याला गुण येत नाही आणि पैसा मात्र जातो. टीएचसी जास्त निघाले तर गोष्ट याहून वाईट, कारण कुत्र्याला ते माणसापेक्षा फार लवकर बाधते; तो झोकांड्या खातो, सुस्त पडतो, त्याची लघवी नकळत गळत राहते.

मला सर्वाधिक काळजी झटक्यांची वाटते. आमच्या पट्ट्यात कुत्र्याला अचानक झटके आले, तर ते मिरगीचेच असतील असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे बळी गेले, ती औषधे आजही प्रत्येक गोठ्याच्या कोनाड्यात असतात, आणि रानडुकरांसाठी ठेवलेले विष राखणीचा कुत्राच आधी खातो. ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली की तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हगवण लागते आणि अंग थडथड उडते. तिथे ॲट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तरच जीव वाचतो. अशा वेळी घरच्यांनी मोबाइलवर वाचून सीबीडीचे थेंब पाजले आणि वाट पाहत बसले, तर हातची वेळ निघून जाईल. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारातही झटके येतात, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात ड्रॉपर घालणे तर माणसाच्याच जिवावर बेतेल.

सरसकट बंदी घालावी, असे मात्र मी म्हणत नाही. आज दुखणाऱ्या कुत्र्याला गावात मेडिकलमधून माणसांचीच वेदनाशामक गोळी आणून दिली जाते. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंड निकामी होते, पॅरासिटामॉलने मांजर मरते. डायक्लोफेनॅक गिधाडांच्या जिवावर उठले म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झाले, आणि मेलोक्सिकॅम हा पर्याय अभ्यास करूनच पुढे आणला गेला. सीबीडीबाबतही तसाच अभ्यास आपल्या मातीत व्हावा.

नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यासाठी समर्थ आहे. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेत विदर्भातील गावठी कुत्र्यांवर, मालकांच्या संमतीने आणि यकृताची रक्ततपासणी करत, सांधेदुखीसाठी चाचण्या घ्याव्यात. त्यांचे निष्कर्ष येईपर्यंत विभागाने प्रत्येक दवाखान्याला मराठीत लेखी सूचना पाठवावी, जिच्यात कोणत्या आजारात सीबीडीचा विचार करावा, कोणत्या औषधांसोबत जपून द्यावे आणि झटके आल्यास प्रथम विषबाधा व पिसाळणे तपासावे, हे स्पष्ट असेल. फेनोबार्बिटोन या झटक्यांवरच्या औषधावर असलेल्या मिरगीच्या कुत्र्यांचा तिच्यात वेगळा उल्लेख हवा, कारण दोन्ही औषधांचा भार यकृतावरच येतो. बाटलीवर प्रति मिलिलिटर सीबीडी, टीएचसीचे प्रमाण आणि तपासणीचा दाखला छापलाच पाहिजे, यासाठी आपण अन्न व औषध प्रशासनाला आग्रहाने सांगावे.

बैल, गाई आणि शेळ्यांना मात्र यातून पूर्ण वेगळे ठेवावे. जर्मनीत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भांगवर्गीय चारा दिलेल्या गाईंच्या दुधात टीएचसी उतरल्याचे दिसले. म्हाताऱ्या बैलाच्या गुडघ्यासाठी आणलेली बाटली शेजारच्या दुभत्या गाईला दिली जाणे गोठ्यात सहज घडू शकते, म्हणून ही मनाई त्याच सूचनापत्रात असावी, आणि १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर बोलावल्यावर येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांकडेही त्याची प्रत असावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक शेतकरी, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ