गव्याचा रेडा करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पेपरात एकाच पानावर दोन बातम्या आल्या होत्या, वर "अमेरिकेत रानम्हशीने पर्यटकाला उडवलं" आणि खाली आपल्या सिंधुदुर्गातली "रानरेड्यांचा कळप बागायतीत". दोन्हीकडे फोटो होते आणि दोन्ही फोटोंत ना म्हैस होती ना रेडा. वरचा होता अमेरिकेतला बायसन, खालचा आपला गवा.

वरच्या बातमीचं समजू शकतो, इंग्रजीत बफेलो आलं की भाषांतर करणारा म्हैस लिहून मोकळा होतो. पण हा बफेलो शब्दच मुळात घोळाचा आहे. तो इंग्रजीत पोर्तुगीजातून गेला असं सांगतात, आणि मागे जात जात ग्रीकपर्यंत गेलात तर तिथे तो चक्क आफ्रिकेतल्या हरणासारख्या एका जनावराला वापरायचे. पुढे गोरे लोक अमेरिकेत गेले, तिथे मोठ्या डोक्याचं केसाळ जनावर दिसलं, त्यालाही बफेलोच म्हणाले. आफ्रिकेतला केप बफेलो आणखी वेगळाच, तो आजवर कुणाच्या गोठ्यात आला नाही. आणि आपली म्हैस, जिचं दूध आपण पितो, ती पण बफेलो. म्हणजे एका शब्दात तीन खंडांतली तीन जनावरं, आणि मराठीत आली की तिन्हींची म्हैस!

गव्याच्या बाबतीत तर गंमत उलटी झालीय. इंग्रज शिकाऱ्यांनी गव्याला बायसन म्हटलं, तो काही बायसन नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. फोंडा घाट चढून वर गेलं की दाजीपूर, १९५८ सालचं अभयारण्य, त्याला अजून लोक बायसन सँक्च्युरीच म्हणतात. म्हणजे अमेरिकेतला बायसन झाला बफेलो, आपला गवा झाला बायसन, आणि पेपरात येईपर्यंत त्याचा झाला रेडा. आमच्याकडे म्हातारी माणसं "गवो इलो" म्हणतात, "रेडो इलो" असं म्हटलं तर कोण काठी घेऊन सुद्धा उठणार नाही, कारण रेडो काय रोजच येतो. काहीजण गवारेडा म्हणतात ते एकवेळ चालेल, त्यात गवा तरी आहे.

गवा हा गाईच्या कुळातला, म्हशीच्या नाही. ईशान्येकडचा मिथुन हा गव्याचाच पाळीव भाऊबंद समजतात. ओळखायला पण काही कठीण नाही हो. गुडघ्याच्या खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, खांद्यापासून अर्ध्या पाठीपर्यंत उंच वरंबा, शिंगं पिवळट आणि टोकं काळी. म्हशीची शिंगं मागे वळलेली, चपटी, त्यावर आडव्या वळ्या. म्हैस चिखल दिसला की बसलीच, गवा सहसा त्यात लोळत नाही. एवढं तुमच्या वार्ताहराला सांगून ठेवा, मोबाइलवर फोटो आला की दोन मिनिटांत कळेल.

हे मी नुसतं शब्दासाठी भांडत नाहीय. रेडा म्हटलं की लोकांना वाटतं हुसकावला की जाईल, पोरं मोबाइल घेऊन जवळ जातात, कोणी दगड मारतं, कोणी मागे बाइक लावतं. मोठा नर गवा टनाच्या आसपास भरू शकतो आणि घाबरला की समोर काय आहे ते बघत नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा आला होता, गर्दी मागे लागली, पळून पळून शेवटी पकडल्यावर तो मेला, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर नियमच आहे, बायसनपासून २५ यार्ड लांब राहायचं, म्हणजे साधारण ७५ फूट, तरी तिथे सगळ्यात जास्त माणसं त्याच्याकडूनच जखमी होतात. तुमच्या वरच्या बातमीत ही एक ओळ असती तर खालच्या बातमीच्या गावाला पण उपयोग झाला असता. आणि नुकसानभरपाईचं वेगळंच. वन्यप्राण्याने पीक खाल्लं तर पंचनामा होतो, रेडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. आमच्या शेजारच्या काकांनी काजूची रोपं मोडल्याच्या अर्जात पेपरात वाचून "रानरेडा" लिहिलं आणि अर्ज परत लिहावा लागला.

बरं, खरी रानम्हैस आपल्या राज्यात आहे, पण ती कोकणात नाही, पार गडचिरोलीत, सिरोंचाकडे कोलामार्काच्या जंगलात, इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडचं जंगल आहे तिथे. छत्तीसगडचा तर तो राज्यप्राणी आहे. जगात मिळून चार हजारसुद्धा उरल्या नसतील, त्यातल्या बहुतेक आसामात, काझीरंगा वगैरे. तिकडचा प्रश्न पण आपल्यापेक्षा वेगळा आहे, गावातले रेडे आणि म्हशी जंगलात चरायला जातात आणि रानम्हशींशी संकर होतो, मग अस्सल वाण राहतच नाही. गव्याचा म्हशीशी असा संकर होत नाही, त्याला आपल्या गुरांकडून धोका आहे तो लाळ्या खुरकूतसारख्या रोगांचा. सगळ्यांना रानरेडा म्हटलं की वाचकाला वाटणार, अरे आमच्या काजूत रोज येतात की, कमी कुठे झाल्यात. कोलामार्कातल्या म्हशींवर तुमच्या पेपरात कधी अर्धं पान आलेलं मला तरी आठवत नाही.

म्हणून विनंती एवढीच की गव्याला गवा लिहा, अमेरिकेतल्याला बायसन लिहा, रानम्हैस हा शब्द रानम्हशीसाठी ठेवा. आणि गवा आल्याची बातमी असेल तेव्हा खाली वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर छापा, "ग्रामस्थांमध्ये भीतीचे वातावरण" ही ओळ वगळली तर जागा होते.

आपला,
एक जुना वाचक, ता. कुडाळ