सहीचा अधिकार : मित्रास पत्र

विलेपार्ले, मुंबई
२ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. लेकीला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितात उत्तम गुण पडल्याचे वाचून आनंद झाला. तिने विमान देखभाल अभियंता व्हायचे ठरवले आहे, हे वाचल्यावर मात्र बराच वेळ पत्र हातात धरून बसलो. ‘पाठवू का?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देण्यासारखे नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. एरोनॉटिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि आम्हा देखभाल अभियंत्यांचे लायसन्स या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पदवीधर विमानाच्या रचनेवर काम करू शकेल, पण दुरुस्त केलेले विमान उड्डाणास योग्य आहे असे लिहून त्याखाली सही करण्याचा अधिकार त्याला केवळ पदवीमुळे मिळत नाही. त्यासाठी डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, सीएआर-६६ या नियमावलीखालचे लायसन्स लागते. सांगाडा, इंजिन, यांत्रिक व विद्युत प्रणाली यांत रस असेल तर बी-१ आणि दळणवळण, दिशादर्शन, उपकरणे यांत असेल तर बी-२, अशी ढोबळ विभागणी आहे. विषयवार मॉड्यूल, म्हणजे परीक्षेचे भाग, असतात आणि प्रत्येकात किमान ७५ टक्के गुण मिळवावे लागतात. शिवाय प्रत्यक्ष विमानावर केलेल्या कामाची नोंद लॉगबुकात हवी, पुढे त्या-त्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानापुरती पात्रता, हवी आणि शेवटी ज्या संस्थेत काम करायचे तिची अधिकृत परवानगीही हवी. मला बारावीनंतर पहिली सही करायला आठ वर्षे लागली. जाहिरातींत हा हिशेब कोणी सांगत नाही.

संस्था निवडताना म्हणूनच फार जपायला हवे. मी ज्या संस्थेत गेलो, तिच्या आवारात गंजलेले एक इंजिन उभे होते आणि आमची बहुतेक प्रात्यक्षिके वहीतच झाली. चालत्या विमानाला हात लागायला दीड वर्ष गेले. त्या वर्षांचे मला आजही वाईट वाटते, कारण माझ्या वडिलांनी शेताचा तुकडा विकून फी भरली होती. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला सीएआर-१४७ची, म्हणजे प्रशिक्षण संस्थांसाठीच्या नियमावलीची, मान्यता आहे का आणि कोणत्या वर्गासाठी आहे, हे डीजीसीएच्या यादीतच पाहा. प्रत्यक्ष विमानावरचे प्रशिक्षण कोणत्या हँगरमध्ये मिळणार, हे लेखी माग. फीचा आकडा त्यानंतर विचारलास तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला एअरबसचे ए-३२० विमान आले आणि पहाटे साडेपाचला ते पुन्हा निघायचे होते. इंजिनाच्या ३६ पात्यांच्या पंख्यातील एका पात्याच्या पुढच्या कडेवर, बहुधा पक्ष्याच्या धडकेने, खाच पडली होती. ती एवढीशी होती की बॅटरी तिरपी धरल्यावरच दिसे. टेक्निशियनने खोली मोजली. ती मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त भरली. मी त्याला पुन्हा मोजायला लावले, मग स्वतः मोजली. आकडा तोच आला. पाते बदलायचे म्हणजे पंख्याचा तोल राखण्यासाठी समोरचेही बहुधा बदलावे लागते. पहाटेचे उड्डाण रखडणार हे उघड होते आणि दर दहा मिनिटांनी फोन येत होते. खाली माझी सही लागणार होती आणि ती मी केली नाही. विमान दुपारी गेले. त्या रात्री मी काही पराक्रम केला नाही; मोजलेला आकडा होता तसा लिहिला, इतकेच.

उलट घडलेले आम्हाला मानवी घटकांच्या, म्हणजे माणसाच्या हातून चुका का होतात याच्या, मॉड्यूलमध्ये शिकवतात. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या एका विमानात, सुमारे १७ हजार फुटांवर, वैमानिकापुढची काच निखळली आणि त्याचे अर्धे शरीर बाहेर ओढले गेले. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि तो वैमानिक वाचला. त्याआधीच्या एका रात्रपाळीत ती काच बसवताना लावलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंचाने कमी होता. जुना बोल्ट हातात धरून नवे बोल्ट डोळ्यांनीच जुळवले होते. तो माणूस आळशी किंवा अडाणी नव्हता; अनुभवी होता, आणि अनुभवामुळेच त्याला तपशील पुन्हा पाहावासा वाटला नसावा. ही हकिकत मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो आणि दर वेळी मला स्वतःचीच काळजी वाटते.

तेव्हा लेकीच्या गुणांविषयी मला शंका नाही. पहाटे तीनला, थकलेली असताना, चार वडीलधारी माणसे घाई करत असताना तिला ‘थांबा’ म्हणता येईल का, एवढेच तू बघ. वहिनी रात्रपाळीला घाबरत असतील, तर त्यांचे चुकत नाही. हँगरमध्ये मुली अजून थोड्याच आहेत, पण माझ्या पाळीत एक आहे आणि तिची नोंदवही मी डोळे मिटून मानतो, असे लिहिण्याचा मोह होतो. तरी तीही मी उघडून तपासतो, जशी ती माझी तपासते.

काम मुंबईतच मिळेल असे नाही. नागपूरच्या मिहानमध्ये मोठे हँगर आहेत आणि बेस मेंटेनन्स, म्हणजे विमान उघडून आतपर्यंत करायची तपासणी, तिथे शिकायला मिळते. पहिल्या वर्षांत तेच काम मिळावे असे मला वाटते.

लेकीला पुढच्या महिन्यात चार दिवस इकडे पाठव. हँगरमध्ये नेणे माझ्या हातात नाही, पण मॉड्यूल ७च्या, म्हणजे देखभालीच्या पद्धतींच्या, माझ्या वह्या पोटमाळ्यावरून काढून ठेवल्या आहेत, आणि घरी एक टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट नेमक्या जोराने आवळायचा पाना, आहे. तो तिच्या हातात द्यायचा आहे.

तुझा,
जुना बाकमित्र