कोंबडा फोटोवरून निवडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रंगीत अंडी आणि हौसेनं पाळायच्या कोंबड्यांवर अख्खं पान आलं होतं. फोटो एकदम भारी, आमच्याकडे ते पान अजून फ्रिजला चिकटवलेलंय. पण त्यात एक वाक्य आहे की ब्रीडिंगसाठी उठावदार पिसाऱ्याचा कोंबडा निवडावा, आणि असंच कुठंतरी छापलेलं वाक्य वाचून मी दोन वर्षं पाण्यात घातलीत, म्हणून हा पत्रप्रपंच. तज्ज्ञ वगैरे नाही मी, पण खुराड्यात रोज दोन वेळा वाकते.

माझ्याकडे मारान होत्या, ती फ्रान्सची जात, गडद चॉकलेटी अंड्यासाठी प्रसिद्ध. चार कोंबड्या होत्या आणि चौघींची अंडी अशी की हातात घेतलं तर कुणी रंगवलंय की काय वाटावं. कोंबडा मात्र नव्हता. एका ओळखीच्यांनी फोटो पाठवला, काळंभोर अंग, मानेवर तांब्याची झळाळी, तुरा ताठ, मी लगेच हो म्हटलं. त्याची आई कसलं अंडं घालते हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पिल्लं निघाली, वाढली, तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, त्या पण बापासारख्याच देखण्या, आणि मग पहिलं अंडं आलं ते चक्क दुधाच्या चहाच्या रंगाचं. मला वाटलं पहिलंय, पुढे गडद होईल. नाही झालं. उलट पहिली अंडीच सगळ्यात गडद असतात, पुढे पुढे रंग फिकट होत जातो आणि पिसं झडून कोंबडी पुन्हा अंड्यावर आली की परत थोडा चढतो. हे तेव्हा मला कुठं ठाऊक होतं.

मुद्दा असा की कोंबडा अंडं घालत नाही पण अंड्याच्या रंगाचा अर्धा वाटा त्याचाच असतो. त्याच्या अंगावर ते कुठंच लिहिलेलं नसतं, कानाची पाळी बघून ओळखतात म्हणतात पण त्यावरून फार तर पांढरं की तपकिरी असा अंदाज येतो, आणि तोही चुकतो. किती गडद हे तर पाळी अजिबात सांगत नाही. तपकिरी रंग एका जनुकाचा नाहीच मुळी, बऱ्याच जनुकांचा मिळून आहे, त्यामुळे गडद आई आणि फिकट घराण्यातला बाप म्हटलं की लेकी मधेच कुठंतरी अडकतात. तिथून परत गडदकडे यायला एक एक पिढी जाते. कोंबड्याची परीक्षा दोनच गोष्टींवर होते, त्याच्या आईबहिणींची अंडी आणि त्याच्या लेकींची अंडी.

निळ्या अंड्याचं वेगळं आहे आणि ते सोपं आहे. तिथे एकच जनुक आणि तो वरचढ. कोंबड्यात तो दुहेरी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला, असेल तर कुठल्याही कोंबडीपासून झालेल्या सगळ्या लेकी निळं नाहीतर हिरवं घालणार, एकेरी असेल तर पांढऱ्या किंवा तपकिरी अंड्यांच्या कोंबडीपासून साधारण निम्म्याच. मग तपासायचं कसं, तर पांढरं अंडं देणाऱ्या कोंबड्यांबरोबर ठेवायचा आणि लेकी अंड्यावर येईपर्यंत थांबायचं. सातच्या सात तलंगांनी निळं घातलं तर तो एकेरी असूनही असं घडण्याची शक्यता १२८ मध्ये एकच असते, तेवढ्यावर मी तरी निवांत झोपते. अरौकाना या निळ्या अंड्याच्या जातीच्या बाबतीत लोक तुरा बघतात, वाटाण्याच्या ओळींसारखा बसका तुरा म्हणजे निळं अंडं, कारण ही दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी आहेत आणि बहुतेकदा जोडीनं पुढे जातात. पण क्रीम लेगबार जातीला सरळ उभा तुरा असून अंडं निळंच येतं, तेव्हा तुऱ्याचा हा ठोकताळा ज्या त्या घराण्यापुरताच धरायचा.

गंमत बघायची असेल तर टरफल आतून बघा. तपकिरी अंड्याचं टरफल आतून पांढरंच असतं, कारण कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि तपकिरी रंग त्यातल्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो. ताजं ओलं अंडं अंगठ्यानं घासलं तर कधीकधी रंग बोटाला लागतो, माझ्या मुलानं ते बघून आधी मलाच चोर ठरवलं होतं की तूच रंगवतेस म्हणून. निळा रंग मात्र कवचात आरपार असतो. आणि ऑलिव्ह रंगाचं अंडं म्हणजे निळ्या कवचावर तपकिरीचा हात, आतून निळसर, बाहेरून मेंदीसारखं. त्या पानावर दोन गोष्टी चुकीच्या होत्या तेवढ्या जाता जाता सांगते, खाण्यानं बलक पिवळा-केशरी होतो, कवचाचा रंग बदलत नाही, आणि निळ्या अंड्यात जास्त ताकद वगैरे काही नसते.

आता पिसाऱ्याकडे येते. माझं म्हणणं असं की पिसं शेवटी बघायची. पिसांना कमी लेखायचं म्हणून नाही, तर पिसांच्या रंगाचा बराचसा हिशोब एकदोन जनुकांचा असतो आणि लवकर सुटतो म्हणून. १९०२ साली विल्यम बेटसन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं ते कोंबड्यांच्या तुऱ्यावरूनच. निळसर राखाडी अँदालुशियन जात घ्या, राखाडीला राखाडी लावलं तर निम्मी पिल्लं राखाडी, पाव काळी, पाव ठिपक्या-ठिपक्यांची पांढुरकी, कितीही वर्षं निवड करा हे प्रमाण हलत नाही, आणि काळ्याला ती पांढुरकी लावली की सगळी पिल्लं राखाडी. एका पिढीत काम झालं. शरीराचं असं होत नाही हो.

पण पिसांतही सापळे आहेत. पट्टेदार प्लायमाउथ रॉक जातीमध्ये पट्ट्यांचं जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं, कोंबड्याला त्याच्या दोन प्रती मिळतात आणि कोंबडीला एकच, म्हणून शुद्ध कोंबडा कोंबडीपेक्षा फिकट दिसतो. नवखा माणूस काय करतो, चार नरांमधला सगळ्यात गडद, ठसठशीत पट्ट्यांचा उचलतो, आणि तोच नेमका एकेरी, म्हणजे संकरातला निघू शकतो. मग पट्टेदार कोंबड्या असूनही निम्म्या तलंगा बिनपट्ट्यांच्या, आणि हा बसलाय डोकं खाजवत.

शरीर बघायचं तर हातानं बघायचं, डोळ्यानं नाही. मी रात्री बघते, अंधारात कोंबडी शांत असते. ऑर्पिंग्टनसारख्या जातीत पिसंच एवढी फुललेली असतात की डोळे फसतात, कोंबडा साडेचार किलोच्या घरात पाहिजे तर हातात घेतला की तीन भरतो. बोटं पिसांत घालून छातीचं हाड चाचपायचं, सरळ आहे का, लांब आहे का. पाठ रुंद आणि शेपटीपर्यंत रुंदच राहते का. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. वाकडी बोटं, कातरीसारखी चोच, एका बाजूला पडलेली शेपटी, गुडघे आत वळलेले, असं काही दिसलं की कितीही देखणा असो, ब्रीडिंगमधून बाद. मी एकदा फक्त रंगापायी वाकड्या बोटांचा कोंबडा ठेवला, पुढच्या वर्षी नऊ पिल्लं तसलीच निघाली, पिल्लं उचलून बघताना माझ्याच मनाला लागलं.

नोंदी ठेवल्याशिवाय यातलं काहीच होत नाही. कुठलं अंडं कुणाचं हे कळायला आत गेली की दार पडणारं खोकं मिळतं, पण मग दिवसभर येऊन येऊन सोडवत बसावं लागतं, त्यापेक्षा अंडं येतं त्या जागेला खाण्याचा रंग बोटानं लावून ठेवला तर अंड्यावर रेघ उमटते, प्रत्येकीचा रंग वेगळा. पायात रिंगा, वहीत तारखा. आणि कोंबडा बदलला की निदान तीन आठवडे उबवायला अंडी धरायची नाहीत, कारण आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकून राहतं. हे न पाळल्यामुळे कितीजण भलत्याच बापाची पिल्लं मिरवतात देव जाणे. त्याच त्या बापलेकींना, बहीणभावांना पिढ्यानपिढ्या लावत राहिलं की अंड्यांतून पिल्लं निघायचं प्रमाण घसरतं, म्हणून मी तीन कप्पे केलेत, तलंगा आईच्याच कप्प्यात राहतात आणि कोंबडे दरवर्षी पुढच्या कप्प्यात सरकतात.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी कोंबड्याचा फोटो छापाल तेव्हा शेजारी त्याच्या आईच्या अंड्याचा फोटो पण छापा. माझ्याकडे सध्या अकरा तरणे कोंबडे आहेत, त्यातले दोन ठेवायचेत. सगळ्यात देखणा आहे त्याची आई फिकट घालते, आणि जो माझ्या मनात आहे त्याच्या छातीवर दोन चुकार तांबडी पिसं आहेत, घरात सगळे त्याला नाकं मुरडतात. वहीत त्याच्या आईचं नाव पहिल्या पानावर आहे.

आपली,
खुराड्यात रमलेली एक वाचक