गाळ उपसला, पण डोंगराचे काय?

महोदय,

२२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ चिपळुणातल्या माझ्या दुकानाच्या भिंतीवर मी अजून पुसलेली नाही. ती माझ्या डोक्याच्या वर आहे. नंतर वाशिष्ठी नदीतला गाळ उपसला, चांगलेच झाले. पण तो येतो कुठून? सह्याद्रीच्या उतारावर सरसकट झाडतोड होते आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात पऱ्यांतून, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांतून, खाली येते. गेल्या पावसात ओंजळीत घेतलेले पाणी चहासारखे तांबडे होते, तळहातावर रेती उरली. त्यात कोयनेचे वीजनिर्मितीचे पाणीही याच नदीत उतरते. भरतीच्या वेळी एवढ्या पाण्याने जायचे कुठे? उतारावरची तोड थांबवा, पऱ्यांवर दगडी बांध घाला. आणि काठावर टाकलेला गाळ पावसाआधी हलवा, ही कळकळीची विनंती.

– एक व्यापारी, चिपळूण