गादी पाहुण्यांसाठी नाही

पुणे, १० जून

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गुरुवारी अमळनेरहून टेम्पो येईल. त्यात दोन गाद्या आहेत. बाबा, रागावू नका. पैसे दिलेले आहेत, टेम्पोवाल्याशी घासाघीस करू नका आणि "परत ने" असंही म्हणू नका. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "आमले काय करनी शे गादी" म्हणून दोन मिनिटांत विषय मिटवला असता. म्हणून हे पत्र.

आखाजीला आले होते तेव्हाची गोष्ट. पहिल्या रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरुणं टाकली, छान झोप लागली. दुसऱ्या रात्री वारा पडला, म्हणून मी खाली येऊन आईच्या जागेवर आडवी झाले. सकाळी उठले ती कंबर धरूनच. आई, मी ४४ वर्षांची आणि तू ७१. तू त्या गादीवर रोज झोपतेस आणि सकाळी पुन्हा अंगण झाडतेस! मधोमध होडीसारखा खड्डा पडलाय. हात फिरवला तर कापसाच्या गाठी लागतात आणि दोन गाठींच्या मध्ये नुसती खोळ. माझ्या लग्नाच्या वर्षी पिंजारी आपल्या अंगणात आठवडाभर बसला होता. त्या तांतीचा टणटण आवाज अजून कानात आहे. चांगल्या गाद्या माझ्या सामानात गेल्या आणि उरलेल्या कापसाची ही भरून तुम्ही ठेवलीत. कापूस दर दोन-तीन वर्षांनी पिंजायला हवा, नाहीतर तो दबून त्याचे गोळे होतात. पण पिंजारी यायचे बंद झाले आणि ही गादी तेव्हापासून एकदाही उसवली नाही. बाजूची खोली भाव वाढायची वाट बघत पडलेल्या कापसानं छतापर्यंत भरलेली, आणि कापूस पिकवणारा माणूस गाठींवर झोपलेला.

बाबा, तुमच्या बाजूला आणखी एक गंमत सापडली. तुमच्या कमरेखाली जो उंचवटा आहे तो कापसाचा नाही, सातबाऱ्याचा आहे. उताऱ्यांची पिशवी, बँकेचं पासबुक, बियाण्याच्या पावत्या, प्रेशरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं गादीखाली. मी सगळं कपाटात, वरच्या खणात ठेवलंय. आता तिथेच राहू द्या.

तुम्ही म्हणाल, आपला कापूस असताना विकतची कशाला? मीही आधी कापसाचाच विचार केला. तिथल्या उन्हाळ्यात कापसासारखी गादी नाही. घाम पिते, उन्हात टाकली की कोरडी होते, बसली तर पिंजून पुन्हा नवी करता येते. दुकानातल्या गादीला यातलं शेवटचं जमत नाही. ती एकदा बसली की बसली. पण कापसाची गादी राबवून घेते. दहा-बारा किलोचं धूड उचलायचं, जिन्यानं वर न्यायचं, उलटायचं, काठीनं झोडायचं, संध्याकाळी खाली आणायचं. हे तुम्ही वीस वर्षांपूर्वी करत होतात. आता आईचे गुडघे आणि बाबांचा खांदा हे करू शकत नाहीत, आणि करायचंही नाही. एवढ्या एका कारणासाठी मी दुकानात गेले.

मग चार दुकानं फिरले. "ऑर्थोपेडिक" हा शब्द निम्म्या गाद्यांवर छापलेला असतो. त्याचा अर्थ कुणा हाडांच्या डॉक्टरनं ती तपासली असा नसतो, हे लक्षात ठेवा, म्हणजे कुणी त्या नावावर दुसरी गळ्यात मारणार नाही. आई, तुला कुणीतरी फळीवर झोपायला सांगितलं होतं ना? पूर्वी सगळे तसंच सांगायचे. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ माणसांना ९० दिवस दोन प्रकारच्या गाद्यांवर झोपवून पाहिलं. अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर दुखणं जास्त कमी झालं. २००३ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात ते छापून आलं. तेव्हा फळीचा नाद सोड.

मध्यम म्हणजे किती, हे मात्र माणसागणिक बदलतं. आई उताणी झोपते आणि वजनानं हलकी. बाबा कुशीवर झोपतात आणि भारी. कुशीवरच्या माणसाचा खांदा आणि खुबा गादीत थोडे रुतायला हवेत, नाहीतर सकाळी हात बधिर. बाबांचं तेच होतंय. म्हणून दोघांना मिळून एक मोठी गादी न घेता ७२ बाय ३६ इंचाच्या दोन वेगवेगळ्या घेतल्या. तुमच्या पलंगावर त्या शेजारी शेजारी बरोबर बसतात, मधली फट चादरीखाली जाते. आईची काथ्याची, वर फोमचा पातळ थर. बाबांची ४० डेन्सिटीच्या फोमची, वर लेटेक्स, म्हणजे रबराचा लवचीक थर. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो ते. आकडा लहान तितका फोम हलका, आणि हलका फोम लवकर बसतो. दुकानदार जाडीच दाखवत राहतो, हा आकडा विचारल्याशिवाय सांगत नाही.

मेमरी फोम दाखवायला तर सगळेच उत्सुक होते. हात दाबला की पंजाचा ठसा उमटतो, बघायला मजा येते. पण तो उष्णतेनं मऊ पडतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. आपल्याकडच्या ४४ अंशांत त्यावर झोपणं म्हणजे तव्यावर झोपणं. शिवाय मऊ गादीतून कूस बदलायला आणि उठायला म्हाताऱ्या माणसाला जोर लावावा लागतो.

जाडी पाचच इंच आहे म्हणून शेजारच्या काकू नाक मुरडतील. मुरडू देत. मी आखाजीलाच टेपनं मोजून घेतलं होतं: पलंग १३ इंच. त्यावर पाच म्हणजे १८, आणि बसल्यावर थोडी दबणार. आईचे तळवे जमिनीला पुरते टेकतील. आठ इंची घेतली असती तर रात्री बाथरूमला उठताना ती पाय लोंबकळत बसली असती, आणि मला इथे झोप लागली नसती.

आता सांभाळायचं. बाबा, हे तुमच्यासाठी, कारण रविवारी गाद्यांना ऊन दाखवायची तुमची सवय मला माहीत आहे. या गाद्या उन्हात टाकायच्या नाहीत. कडक उन्हानं लेटेक्स आणि फोम पिवळे पडतात, मग त्यांचा भुगा होतो. सकाळी चादर काढून पंखा लावून तासभर उघड्या ठेवल्या की झालं. गच्चीवर या गाद्या न्यायच्याच नाहीत, तिथे गोधड्या पुरेत. तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करा. पालथ्या मात्र करू नका, मऊ थर वरच असायला हवा. फिरवायला भाच्याला बोलवा, एकट्यानं ओढू नका.

कूलरचा झोत थेट गादीवर नको, ओल धरते. पलंगाची प्लायवूड सलग आहे, खालून हवा लागत नाही. सुताराला सांगून वीतभर अंतरावर अर्ध्या इंचाची भोकं पाडून घ्या. पाऊस सुरू व्हायच्या आत होईल तर बरं. चहा सांडला तर कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, घासू नका, वरून पाणी तर ओतूच नका. डाग सुकला की खाण्याचा सोडा भुरभुरवून तासाभरानं झटकायचा.

आणि आई, प्लास्टिक. तू टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाहीस. गादीवरचं त्याच दिवशी काढायचं. ठेवलंस तर घाम खाली साचेल, अंग चिकट होईल आणि तू म्हणशील, नवी गादी उष्ण आहे. सोबत सुती कापडाची, आतून पाणी न झिरपणारी दोन कव्हरं दिली आहेत. तीच चढवायची, महिन्यातून एकदा धुवायची.

पाहुण्यांसाठी त्या कपाटावर जातील अशी मला दाट शंका आहे. कुणी आलंच तर त्यांना सतरंजी द्या. दोन रात्रींनी कुणाची कंबर जात नाही. पहिले आठ दिवस वेगळं वाटेल, पाठ जुना खड्डा शोधेल. पंधरा दिवसांनीही नाही जमलं तर सांगा, महिन्याभरात बदलून देतो असं दुकानदारानं पावतीवर लिहून दिलंय. ती पावतीही कपाटात ठेवा. गादीखाली नको.

जुन्या गादीचा कापूस टाकू नका. आपल्या शेतातला आहे. अमळनेरला मशीनवर पिंजून देतात, तिथून दोन उशा भरून आणा आणि माझ्यासाठी ठेवा. दिवाळीला येईन तेव्हा नेईन.

तुमची,
बेबी