‘आता हे असं म्हणायचं’ म्हणजे नेमकं कसं?

संपादक साहेब, नमस्कार.

दर शनिवारी संध्याकाळी मी आमच्या सोसायटीच्या हॉलमधे मराठी शिकवते, शिकवते कसली, गप्पाच जास्त. दोन तमिळ मावश्या, एक बंगाली आयटीवाला ज्याला एका कानाने कमी ऐकू येतं, आणि आमच्या वॉचमनचा मुलगा, हुशार आहे पण त्याला अजिबात दिसत नाही. 2020 च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, 2024 ला अभिजात दर्जाही मिळाला, छानच झालं, पण शिकायचं कशावरून?

परवा एक व्हिडिओ लावला. मॅडम फळ्याकडे हात करून म्हणतात, ‘हे बघा, हे इथे आलं की हे असं म्हणायचं.’ पोरगा मला विचारतो, काकू, हे म्हणजे काय? आता काय सांगू! मॅडमनी ‘जग’ हा शब्द तोंडाने म्हटला असता तरी काम झालं असतं. दुनिया या अर्थाचं जग आणि ‘सुखाने जग’ मधलं जग, लिहायला अगदी सेम पण ज चा उच्चार वेगळा, मग नवीन माणसाला हे लिहिलेल्यावरून कळणार कसं, रेकॉर्डिंगच पाहिजे ना, आणि तेसुद्धा मागे सतार न वाजवता, कारण आमच्या आयटीवाल्याला त्या सतारीतून शब्दच वेगळे काढता येत नाहीत.

त्याच्यासाठी सबटायटल्स शोधली तर आवाजात ‘मी सांगितलं’ आणि खाली ‘मी सांगितले’. आपल्याला काही वाटत नाही, तो मात्र गोंधळतो की यातलं बरोबर कुठलं. जे बोललं तेच लिहा ना, लेखी रूप नंतर वेगळं शिकवा. आणि तो/ती/ते साठी शब्द लाल, हिरवे, निळे करायची फॅशन आहे, ज्यांना लाल-हिरवं ओळखता येत नाही त्यांनी काय करायचं? रंग द्या हो, पण शेजारी ‘तो’ किंवा ‘ती’ लिहा, फुकट आहे ते.

सगळ्यात वैताग पीडीएफचा. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधे टाइप केलेली नोट स्क्रीनवर सुंदर मराठी दिसते, पण आत असतात इंग्रजी अक्षरं, त्यामुळे मुलाचा फोन ती वाचायला लागला की नुसती ‘एफ डी जे के’ अशी बडबड. आख्खा धडा मी युनिकोडमधे (ज्यात आतही खरी मराठी अक्षरंच असतात) परत टाइप केला, दोन रात्री गेल्या, तेव्हा कुठे त्याने तो एकट्याने ऐकला (आणि माझ्या दोन टायपिंगच्या चुकाही काढल्या).

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 42 मधे सबटायटल्स, साइन लँग्वेज, ऑडिओ वर्णन (पडद्यावर काय दिसतंय ते आवाजात सांगणं) हे सगळं आहे, म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी अपलोड करायच्या आधी एकदा डोळे मिटून ऐकावा आणि एकदा आवाज बंद करून बघावा, एवढीच विनंती.

आणि हो, तुमच्या ई-पेपरची पानं म्हणजे नुसते फोटो आहेत, त्यामुळे हे पत्र छापलंत तरी त्या मुलाला मलाच वाचून दाखवावं लागेल. तेवढं जरा बघा.

– एक वाचक, ठाणे